मागच्या टोकाचा मार्गदर्शक

बोटीवर नेहमी येणाऱ्या मंडळींनी त्याला ‘खात्रीसाहेब’ असं नाव ठेवलं होतं. हे नाव आपल्या पाठीमागे घेतलं जातं, याचीही त्याला खात्री होती.

रविवारी सकाळी समुद्री पक्षी, डॉल्फिन आणि नशीब असेल तर देवमासा दाखवायला जी बोट किनाऱ्यापासून लांब जायची, तिच्यावर तो मार्गदर्शक होता. आठवड्याचे उरलेले दिवस तो एका विमा कंपनीत दाव्यांच्या टेबलावर बसायचा. लोक तिथे जळालेल्या गोदामाची, भिजलेल्या मालाची, रात्रीत नाहीशा झालेल्या दुचाकीची हकिगत घेऊन यायचे. तो चष्मा कपाळावर चढवून विचारायचा, ‘‘हे तुम्ही स्वतः पाहिलंत का?’’ बहुतेकांनी पाहिलेलं नसायचं. मग तो ‘पुरेसा पुरावा नाही’ असा शेरा मारून फाईल डावीकडे सरकवायचा. डावीकडचा ढीग उजवीकडच्या ढिगापेक्षा कायम उंच. सफाईवाल्या बाई टेबल पुसताना तेवढी बाजू सोडून द्यायच्या.

रविवारी तो हेच काम मोकळ्या हवेत करायचा. फरक इतकाच की इथे लोक त्याला ‘सर’ म्हणायचे आणि त्याच्यावर चिडण्याऐवजी त्याचं म्हणणं मान डोलावून ऐकायचे. जगात एवढ्या एकाच ठिकाणी आपलं ऐकलं जातं, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. घरी तर टीव्हीचा रिमोटसुद्धा त्याचं ऐकत नसे.

आणि या माणसाला बोट लागायची.

थोडीथोडकी नाही. धक्क्याचा दोर सुटला की त्याच्या पोटात कुणीतरी हंडा हिंदकळवायला घ्यायचं. गोळ्या झाल्या, आलं झालं, मनगटावर बांधायचे पट्टे झाले. शेवटी त्याने इलाज सोडून बंदोबस्त केला. समुद्रातले पक्षी जवळ यावेत म्हणून बोटीच्या मागच्या टोकावरून आमिष टाकतात. माशांचं तेल, आतडी, डोकी असा सगळा ऐवज एका बादलीत कालवलेला असतो आणि तो लांब दांड्याच्या डावाने थोडा थोडा पाण्यात सोडायचा. हे काम खरं तर खलाशाचं. पण त्याने ते हट्टाने स्वतःकडे घेतलं. बादलीचा वास असा, की धडधाकट माणूस तिच्या आसपास फिरकत नाही. सगळे प्रवासी आपोआप पुढच्या टोकाला गोळा होतात आणि मागे एकटा मार्गदर्शक उरतो. मग तो एकदा डाव पाण्यात सोडायचा आणि एकदा स्वतःकडचं. पक्ष्यांनी या दोन्हींत कधी भेदभाव केला नाही.

माहिती तो बिनतारी माईकवरून द्यायचा. ‘‘मंडळी, बोटीच्या उजव्या हाताला, पाण्याला लागून, सुरय पक्ष्यांचा थवा...’’ एवढं बोलून अंगठ्याने माईक बंद, कठड्यावर वाकणं, रुमालाने तोंड पुसणं, माईक चालू. ‘‘...लांबून आला आहे. किती लांबून, याचा आपण जरा विचार करू.’’ लोक खरोखर विचार करायचे. गणिताच्या एक बाई अधूनमधून बोटीवर यायच्या, त्या म्हणाल्या होत्या, ‘‘सर बोलताना थांबतात ना, ते मला फार आवडतं. आमच्या मुख्याध्यापकांना हे जमत नाही.’’

कप्तानबाईंना यातलं काही माहीत असता कामा नये, एवढाच प्रश्न होता. बोट त्यांची, नियम त्यांचे. त्याच्या आधीच्या मार्गदर्शकाला त्यांनी एका फेरीनंतर धक्क्यावरच निरोप दिला होता. ‘‘माणूस चांगला होता,’’ त्या चहा पिताना सांगायच्या, ‘‘पण मार्गदर्शकाला ओकताना बघितलं की अर्धी बोट ओकायला लागते. मग धुणार कोण? मी.’’ हे ऐकताना तो दरवेळी ‘अरेरे’ म्हणायचा आणि बिस्किट बुडवून खायचा. धक्क्यावर असताना त्याला काहीच होत नसे.

तर एका रविवारी सासूबाईंनी बोटीवर यायचं जाहीर केलं.

त्या काही दिवसांसाठी लेकीकडे राहायला आल्या होत्या. आदल्या दिवशी ओट्याशी उभ्या राहून भाजी निवडता निवडता त्यांनी विचारलं, ‘‘जावईबापू, दर रविवारी तुम्ही लोकांना नक्की दाखवता तरी काय?’’

‘‘पक्षी, आई. समुद्रातले.’’

‘‘पक्षी तर गच्चीवरही येतात.’’

‘‘हे वेगळे. हे जमिनीवर येतच नाहीत, फक्त अंडी घालायला येतात.’’

‘‘शहाणे आहेत,’’ सासूबाई म्हणाल्या. ‘‘उद्या मी येते.’’

त्याने बायकोकडे पाहिलं. बायको म्हणाली, ‘‘घेऊन जा ना रे. मला एक रविवार झोपू दे.’’

‘‘आई, तिथे वास फार असतो.’’

‘‘मला वास येत नाही. सर्दीने नाक गेलंय, किती वर्षं झाली. तुमच्या बायकोने तीनदा दूध करपवलं, मला पत्ता नाही.’’

त्याच्या बंदोबस्ताला पहिलं भोक इथेच पडलं.

सकाळी धक्क्यावरच्या पत्र्याच्या शेडमध्ये कप्तानबाईंनी सगळ्यांना जीवरक्षक जॅकेटं घातली, पट्टे ओढून पाहिले. दातांचे डॉक्टर नेहमीप्रमाणे सगळ्यात आधी आलेले होते. त्यांची दुर्बीण बोटीवर सगळ्यात महाग आणि उत्साह तिच्याहून जास्त. मागच्या मोसमात त्यांनी एक दुर्मीळ पक्षी पाहिल्याचं सांगितलं होतं. तेव्हा भर केबिनमध्ये खात्रीसाहेबांनी विचारलं होतं, ‘‘डॉक्टर, किती वेळ दिसला?’’

‘‘दोन-तीन सेकंद.’’

‘‘दोन की तीन?’’

डॉक्टर त्यानंतर दोन रविवार आले नव्हते.

ही चौकशी म्हणजे त्या बोटीचा रिवाज होता. परतीच्या वाटेवर सगळे केबिनमध्ये बसायचे, मार्गदर्शक एकेक नाव पुकारायचा, आणि ज्याने तो प्राणी किंवा पक्षी पाहिला असेल त्याने हात वर करायचा. नेहमीच्या पक्ष्यांना नुसते हात पुरायचे. दुर्मीळ काही असेल तर किमान दोन हात लागायचे, आणि मार्गदर्शक त्या दोघांना प्रश्न विचारायचा. शेवटची अट खात्रीसाहेबांनी स्वतः घातलेली होती. एकच हात वर आला तर तो पक्षी, मग तो साक्षात डोक्यावर बसून गेला असला तरी, त्या दिवशी दिसलाच नाही असं धरायचं.

बोट निघाली. बंदराची भिंत मागे पडली तसा हंडा हिंदकळायला लागला. सवयीने तो बादली घेऊन मागच्या टोकाला गेला. प्रवासी सवयीने पुढे गेले. सासूबाई मात्र पदर खोचून, सीटवरची उशी काखेत मारून त्याच्या मागे आल्या आणि दोराच्या वेटोळ्यावर उशी टाकून ऐसपैस बसल्या.

‘‘आई, पुढून छान दिसतं.’’

‘‘पुढे वारा आहे. इथे बरंय.’’

‘‘इथे काही दिसणार नाही.’’

‘‘मग तुम्ही इथे काय करताय?’’

तो डावाने आमिष सोडू लागला. गिळून गिळून त्याचा घसा दुखायला लागला. माईकवर त्याने त्या दिवशी एकही विराम घेतला नाही, एका दमात सगळं बोलत सुटला. पुढे गणिताच्या बाई शेजारच्याला म्हणाल्या, ‘‘आज सरांचं काहीतरी बिनसलंय.’’

एवढ्यात पुढून डॉक्टरांचा आवाज आला, ‘‘देवमासा! नाकासमोर! नाकासमोर!’’ सगळी बोट पुढच्या टोकाला लोटली. कप्तानबाईंनी इंजिन मंद केलं. आणि मंद झालेली बोट लाटांवर जशी आडवी-तिडवी डुलते, तशी डुलायला लागली.

खात्रीसाहेबांनी माईक चालू केला. ‘‘मंडळी, गोंधळ नको. फवाऱ्याकडे लक्ष ठेवा,’’ ते म्हणाले. फवारा कुठे आहे हे त्यांना अजिबात माहीत नव्हतं. मग अंगठ्याने माईक बंद केला, गळ्यातली दुर्बीण आणि कॅमेरा कठड्यावर आपटू नयेत म्हणून पाठीवर टाकले, आणि सकाळपासून जे थोपवलं होतं ते एकदम सुटलं.

त्याच्या कमरेचा पट्टा मागून घट्ट पकडला गेला. दुसरा हात पाठीवरून फिरू लागला.

‘‘काढून टाका,’’ सासूबाई म्हणाल्या. ‘‘सगळं काढून टाका. लाजायचं काय त्यात.’’

तो अर्धा समुद्रावर आणि अर्धा बोटीवर असा लोंबकळत असतानाच तो पक्षी आला.

चिमणीपेक्षा थोडा मोठा. वादळपाखरूच, पण नेहमीचं काळं नव्हे. चेहरा पांढरा, डोळ्यावरून गडद पट्टा, पोट पांढरं. पंख ताठ धरून, लांब पाय खाली सोडून ते पाण्यावर अलगद टेकायचं आणि उडी मारायचं, टेकायचं आणि उडी मारायचं. खात्रीसाहेबांनी नुकत्याच दिलेल्या ऐवजातलं काहीतरी टिपायचं. हात लांबवला असता तर लागलं असतं इतकं जवळ. त्या किनाऱ्यालगत हे पाखरू कुणी पाहिल्याची नोंद नव्हती. चित्रात त्याने ते इतक्यांदा पाहिलं होतं, की एकदा बायको म्हणाली होती, ‘‘माझा फोटो असा कधी बघितला होतास का रे?’’

त्याचे दोन्ही हात कठड्याला. कॅमेरा पाठीवर. तोंड ज्या कामात होतं त्या कामात. पाखराने एकदा मान वळवून त्याच्याकडे पाहिलं, असं त्याला वाटलं. वाटलं म्हणजे काय, याचा पुरावा नव्हता. मग लाट आली, आणि लाट गेल्यावर तिथे पाखरू नव्हतं.

‘‘बरं वाटतंय?’’ सासूबाईंनी विचारलं.

‘‘हो,’’ तो म्हणाला, आणि इतका हसला, की सासूबाईंनी पट्टा सोडलाच नाही.

परतीची वाट धरली. केबिनमध्ये ओल्या जॅकेटांचा आणि थर्मासमधल्या चहाचा वास होता. लोक देवमाशाच्या आनंदात एकमेकांना आपापल्या फोनवरचं रिकामं पाणी दाखवत होते. तो समोरच्या बाकावर बसला. सुकाणू केबिनच्याच पुढच्या भागात. कप्तानबाईंची पाठ दिसत होती आणि कान तिकडेच होते.

‘‘कुरव?’’ सगळे हात वर.

‘‘सुरय?’’ वर.

‘‘देवमासा?’’ पुढच्या टोकाचे सगळे वर, खात्रीसाहेबांचा नाही. आपण पाहिला नाही तर हात वर करायचा नाही. लोकांना वाटलं, काय हा विनय.

यादी संपली. आता तोंड मिटून बसला असता तर सगळं जागच्या जागी राहिलं असतं. बोट राहिली असती, माईक राहिला असता, बादली राहिली असती. फक्त पाखरू गेलं असतं. तो खाली बुटांकडे बघत राहिला. डाव्या बुटावर माशाचा एक खवला चिकटला होता.

‘‘पांढऱ्या चेहऱ्याचं वादळपाखरू,’’ तो म्हणाला आणि स्वतःचा हात वर केला.

डॉक्टरांच्या हातातला चहाचा कप अर्ध्या वाटेत थांबला.

‘‘कुठे, सर?’’

‘‘मागच्या टोकाला.’’

‘‘आणखी कुणी पाहिलं?’’ डॉक्टरांनी हे फार मायेने विचारलं. मागच्या मोसमाचं सगळं व्याज त्या मायेत होतं.

कुणाचाच हात हलला नाही. आणि मग कोपऱ्यातून एक हात वर आला, हिरव्या बांगड्यांचा.

‘‘मी,’’ सासूबाई म्हणाल्या. ‘‘मी पाहिलं ना. शेजारीच होते.’’

दोन हात झाले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. डॉक्टर खरोखर चांगला माणूस. त्यांनी कप खाली ठेवला आणि म्हणाले, ‘‘झालं की मग. दोन साक्षीदार. सर, अभिनंदन! मान्य.’’ गणिताच्या बाईंनी तर उठून सासूबाईंशी हात मिळवला.

इथे कुठलाही शहाणा माणूस ‘धन्यवाद’ म्हणून चहा प्यायला असता. खात्रीसाहेबांना तेच म्हणायचं होतं. पण दाव्यांच्या टेबलावर इतकी वर्षं घालवलेल्या माणसाचं तोंड त्याच्या मालकीचं राहत नाही. त्याचा चष्मा आपोआप कपाळावर चढला.

‘‘आई,’’ तो म्हणाला, ‘‘तुम्ही स्वतः पाहिलंत का?’’

सासूबाईंनी डोळे मोठे केले. गप्प बसा, असा त्याचा सरळ अर्थ होता. ‘‘पाहिलं म्हणते ना.’’

‘‘केवढं होतं?’’

‘‘असं... पाखराएवढं.’’

‘‘रंग?’’

‘‘तुम्ही मघाशी सांगितलात तोच.’’

‘‘पाय कुठे होते त्याचे?’’

‘‘अहो, पाय असतात तिथेच असणार ना!’’ कुणीतरी हसलं. सासूबाईंचा संयम तेवढाच होता. ‘‘त्याचे पाय कशाला बघू मी? मी तुमचे पाय बघत होते! दोन्ही वर उचलले गेले होते. पट्टा धरला नसता तर गेला असतात पाण्यात, आणि माझ्या लेकीला मी काय तोंड दाखवलं असतं? इतकं ओकत होतात, आतडी बाहेर येतात की काय असं वाटलं मला!’’

बोलून झाल्यावर त्यांनी हात तोंडावर ठेवला. पण तो आता काय कामाचा.

निळ्या टोपीचे एक गृहस्थ खिडकीपाशी बसले होते. त्यांनी सासूबाईंचं वर्णन फार बारकाईने ऐकलं असावं. ते उठले, घाईने दाराबाहेर गेले, आणि मग बाहेरून आवाज आला. त्यांच्यामागोमाग आणखी एक जण गेला.

कप्तानबाईंनी मान न वळवता विचारलं, ‘‘आजच, की नेहमी?’’

खोटं बोलायला अजून वाव होता. ‘‘नेहमी,’’ तो म्हणाला. ‘‘पहिल्या दिवसापासून.’’

‘‘म्हणून ती बादली.’’

‘‘हो.’’

‘‘आणि ते बोलताना थांबणं?’’ गणिताच्या बाईंनी दुःखाने विचारलं.

‘‘तेही.’’

डॉक्टरांनी घसा साफ केला. त्यांना हे बोलावं लागतंय याचं वाईट वाटत होतं, निदान अर्धं तरी. ‘‘म्हणजे मग... एकच हात राहिला, सर.’’

‘‘हो,’’ खात्रीसाहेब म्हणाले. ‘‘पुरेसा पुरावा नाही. नामंजूर.’’ आणि स्वतःचा हात, जो अजून वरच होता, खाली घेतला.

धक्क्यावर सगळे उतरल्यावर कप्तानबाईंनी नळाचा पाइप त्याच्या हातात दिला. तो बोट धूत असताना त्या शेजारी कंबरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. ‘‘माझा नियम तुम्हाला माहीत आहे,’’ त्या म्हणाल्या.

‘‘माहीत आहे.’’

‘‘लपवलंत याचा राग आहे मला. पण तुमच्यासारखी बादली कुणी सांभाळत नाही, हेही खरं. तेव्हा माईक डॉक्टरांकडे. बादली तुमच्याकडे. मागेच राहायचं, लोकांच्या नजरेला पडायचं नाही. तिकडे एक कोपरा राहिलाय, तिथे पाणी मारा.’’

त्याने पाणी मारलं. घरी जाताना वाटेत त्याने मनातल्या मनात हिशेब मांडून पाहिला. एका प्रश्नात पाखरू घालवलं, माईक घालवला, आब घालवला, आणि हा प्रश्न दुसऱ्या कुणी विचारला नव्हता. कंपनीत इतक्या स्वच्छपणे एखादी फाईल त्याने क्वचितच बंद केली असेल.

‘‘मी हात वर केला होता तुमच्यासाठी,’’ सासूबाई म्हणाल्या.

‘‘माहीत आहे, आई.’’

‘‘मग विचारायचं काय अडलं होतं?’’

‘‘काही अडलं नव्हतं.’’

‘‘लेक म्हणायची, माणूस सरळ आहे. इतका असेल असं वाटलं नव्हतं,’’ सासूबाई म्हणाल्या. ही तारीफ की तक्रार, हे त्याला घर येईपर्यंत ठरवता आलं नाही.

पुढच्या रविवारी सासूबाई पुन्हा तयार. या वेळी उशी घरूनच घेतली. माईकवर डॉक्टर होते. ‘बहुतेक’ आणि ‘असं वाटतंय’ यांच्या मदतीने त्यांनी तासाभरात इतके पक्षी दाखवले, की लोक हरखून गेले. मागच्या टोकाला खात्रीसाहेब मोकळेपणाने, कुणाची भीडभाड न ठेवता, कठड्यावर वाकले होते. लपवायचं नसलं की हेही काम बरंच सोपं जातं असं त्यांच्या लक्षात आलं.

‘‘जावईबापू,’’ पट्टा धरून बसलेल्या सासूबाई अचानक म्हणाल्या, ‘‘ते बघा.’’

त्याला मान वर करणं शक्य नव्हतं. ‘‘काय... आहे?’’

‘‘लहानसं आहे. उड्या मारतंय.’’

‘‘चेहरा... कसा...’’

‘‘आधी तुमचं आटपा, मग विचारा!’’

त्याचं आटपेपर्यंत पाण्यावर फक्त तेलाचा तवंग होता.

केबिनमध्ये डॉक्टरांनी यादी संपवली आणि ‘आणखी काही?’ असं विचारलं. सासूबाईंनी हात वर केला. ‘‘ते मागचंच. पांढऱ्या तोंडाचं. डोळ्यावरून काळा पट्टा. चालत नाही ते पाण्यावर, दोन्ही पाय जोडून उडी मारतं. लंगडी विसरलेल्या पोरीसारखं.’’

खात्रीसाहेब ताठ बसले. पायांचं त्यांनी सासूबाईंना कधीच सांगितलं नव्हतं. सांगायचं ठरवलं असतं तरी इतकं बरोबर जमलं नसतं.

‘‘आणखी कुणी पाहिलं?’’ डॉक्टरांनी विचारलं, आणि सगळी केबिन त्याच्याकडे वळून बघू लागली. कप्तानबाईंनीसुद्धा मान वळवली. या खेपेला सासूबाईंनी डोळे मोठे केले नाहीत. नुसत्या बघत राहिल्या.

त्याचा उजवा हात मांडीवरून उचलला गेला. खांद्यापर्यंत आला. तिथे थोडा रेंगाळला, मग कान खाजवून परत खाली गेला.

‘‘मी वाकलो होतो,’’ तो म्हणाला.

त्या दिवशी सासूबाई घरापर्यंत त्याच्या चार पावलं पुढेच चालत राहिल्या. जिना चढून आल्या, दाराशी चपला काढल्या, उशी त्याच्या हातात दिली.

‘‘पुढच्या रविवारी पट्टा धरायला दुसरं कुणी बघा,’’ त्या म्हणाल्या. ‘‘तुमची ती दुर्बीण मला द्या. तिला दोन्ही हात लागतात.’’